ओव्हनची तिसरी वायर

मागच्या वर्षी आमच्या बोरिवलीच्या जुन्या दुकानाची स्मरणिका निघाली. मालकांच्या मुलाने मला फोन केला. म्हणाला, "गुप्ते काकू, तुम्ही आमच्या पहिल्या डेमोवाल्या बाई. दोन पानं लिहून द्या ना. जुने दिवस, गमतीजमती, असं काहीतरी गोड." मी सहा पानं लिहून दिली. आठव्या दिवशी ती परत आली. सोबत चिठ्ठी, की जागेअभावी घेता येत नाहीत. त्या स्मरणिकेत मालकांचे हार घातलेले सोळा फोटो आहेत, त्यांना जागा पुरली. तर त्या सहा पानांत जे होतं ते इथे लिहिते आहे. गोड करायचा प्रयत्न तेव्हाही केला नव्हता, आताही करणार नाही.

आधी डेमोवाली बाई म्हणजे काय ते सांगते, कारण आता ही जात नाहीशी झाली आहे. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्या उपनगरांत घरोघरी गॅस होता, मिक्सर येऊ लागला होता, पण ओव्हन म्हणजे बेकरीत असतो तो, अशीच समजूत होती. घरचा ओव्हन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गोल डबा, वर काचेची खिडकी असलेलं झाकण आणि बाजूला वायर. तो दुकानाच्या फळीवर ठेवून खपत नसे. बायका बघायच्या, "दिसतो छान" म्हणायच्या आणि इस्त्री घेऊन जायच्या. म्हणून दुकानाने मला ठेवलं. मी पिशवीत साहित्य घेऊन गिर्‍हाइकाच्या घरी जायचे, तिच्या ओट्यावर तिच्या डोळ्यांदेखत काहीतरी भाजून दाखवायचे आणि ओव्हन तिथेच ठेवून परत यायचे.

सगळे विचारायचे, केक का नाही करत? केक हा डेमोचा शत्रू. मध्येच व्होल्टेज उतरलं की तो बसतो. कुणी उत्साहाने झाकण उघडलं की बसतो. आणि मुलुंड-घाटकोपरला अर्ध्या घरांत अंडं म्हटलं की सासूबाई उठून बाहेर जायच्या. ओव्हनसोबत एक इंग्रजी पुस्तिका यायची, तिच्या शेवटच्या पानावर मला फ्रूट कॉबलर सापडला. मी डिक्शनरी काढून बघितली, तर कॉबलर म्हणजे जोडे दुरुस्त करणारा. आमच्या ह्यांनी दोन दिवस मला त्यावरून चिडवलं. पण करून बघितला आणि नाव बरोबर वाटलं. खाली फळांच्या फोडी, साखर, लिंबू. वर मैदा, लोणी, दूध आणि बेकिंग पावडरचं घट्टसर पीठ चमच्याने ठिगळं लावल्यासारखं टाकत जायचं. ठिगळं वेडीवाकडी पडली तरच चांगली दिसतात. अंडं नाही, फुगण्याची धास्ती नाही, चाळीस मिनिटांत तयार. आंब्याच्या दिवसांत आंबा, एरवी अननस, सफरचंद, अगदी चिकूसुद्धा चालतो.

आणि खरी गोम वासाची. वीस मिनिटं झाली की फळाचा रस कडेने उकळून करपायला लागतो आणि तो वास जिन्यात जातो. मग शेजारणी येतात. "काय करताय हो?" असं विचारत एकेक दारात उभी राहते. एका घरच्या डेमोत मी तीन घरांच्या ऑर्डरी आणलेल्या आहेत. हे कुणी मला शिकवलं नाही. पाहुण्यांसमोर घरी केलेलं गरम गरम फळांचं काहीतरी वाटीत घालून ठेवायचं, ही हौस मी या भागातल्या कितीतरी बायकांना लावली, याचा मला अभिमान होता. होता असं लिहिते आहे.

दुकानाच्या मालकांना आपण साहेब म्हणू, आम्ही तसंच म्हणायचो. बोलायला अतिशय गोड माणूस. सगळ्याजणींना आडनावापुढे बाई लावून हाक मारायचे, गणपतीला घरी बोलवायचे. पहिली दोन वर्षं आम्ही एका चांगल्या कंपनीचे ओव्हन विकले. मग साहेबांना कांजूरमार्गला एका शेडमध्ये ओव्हनची जुळवाजुळव करणारा कुणी भेटला. तोच आकार, तीच खिडकी, वर आमच्याच दुकानाच्या नावाचा स्टिकर. दुकानात नवीन माल आला एवढंच मला माहीत.

नव्या ओव्हनचा माझा तिसरा का चौथा डेमो, वाकोल्याला. झाकण उचलताना बोटांना मुंग्या आल्या. कोपरापर्यंत झिणझिण गेलं. मी झाकण सोडलं नाही, कारण समोर पाच बायका बसल्या होत्या. दुसर्‍या दिवशी दुकानातल्या सावंत मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री मालवणचे, दुरुस्तीच्या टेबलामागे बसून दिवसभर बिड्या ओढणारे. त्यांनी एक ओव्हन उलटा करून तळ उघडला आणि मला बोलावलं.

"ही बघ तिसरी वायर," ते म्हणाले. "पिनीत आसा. आणि आत खंयच जोडूक नाय. कापून सोडलेली. नुसती दाखवूक."

"मग काय होतं?"

"आत काय बिघाडला की करंट डब्याच्या अंगार येता. तिसरी वायर असली तर तो जमनीत जाता. नसली तर तुझ्यातसून जाता."

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मिस्त्री, अर्ध्या बिल्डिंगींत मुळात अर्थिंगच नाही. वायर जोडली काय, न जोडली काय. आणि गुप्ते बाई, थोडं झिणझिणतं ते सगळ्याच मशिनींना असतं. पायात रबरी स्लीपर घालून डेमो करा. गिर्‍हाइकालाही सांगा, स्लीपर घालून वापरा. प्रश्न मिटला."

मराठी घरात ओट्याशी चपला घालून उभं राहा, असं सांगायचं कुणाला? पहिल्याच घरी मी पिशवीतून कोर्‍या स्लीपर काढल्या, तर त्या घरच्या आजींनी अशा नजरेने बघितलं की मी त्या परत पिशवीत घातल्या. मग सावंत मिस्त्रींनी तोड सांगितली. "लाकडाच्या पाटार उभी रव." पाट प्रत्येक घरात असतो. मी पाच फूटसुद्धा नाही. ओटा उंच पडतो म्हणून पाट मागितला तर कुणाला काहीच वाटत नसे. उलट हसून आणून द्यायच्या.

असे मी आठ महिने डेमो केले. स्वतः पाटावर उभी राहून. त्या बायका मागे ओल्या फरशीवर अनवाणी, आणि मी त्यांना पिठाची ठिगळं कशी टाकायची ते शिकवत होते. का गप्प बसले, याची कारणं माझ्याकडे आहेत. ह्यांच्या एकट्याच्या पगारात भागत नव्हतं, मुली शाळेत होत्या, नोकरी मिळणं सोपं नव्हतं. सगळी खरी आहेत. पण त्याहून खरं हे की मला ते काम आवडत होतं. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही बिल्डिंगीत गेले तरी "ओव्हनवाल्या बाई आल्या" म्हणून दार उघडायचं. ते मला सोडवत नव्हतं.

त्याच वर्षी चंद्राबाई दुकानात आली. मनोरीची कोळीण, चाळिशीची, सहा फुटांना दोन बोटं कमी असेल. दारातून आत आली की दुकान लहान वाटायचं. मासळीचा धंदा होताच, शिवाय समुद्राकडच्या दोन खोल्या ती शनिवार-रविवारी पाहुण्यांना द्यायची. तिच्या हातच्या जेवणासाठी शहरातून माणसं यायची. पण त्यांना जेवल्यावर गोड लागायचं आणि चंद्राबाईकडे गोड म्हणजे केळं. कुणातरी पाहुणीने तिला ओव्हनचं सांगितलं होतं.

"माना असा कायतरी शिकव, का निघालेले पावने दरवाज्यातून मागं येतील," ती मला म्हणाली.

मी मार्व्याहून होडीने खाडीपलीकडे मनोरीला गेले. तिने ओव्हन आदल्या दिवशीच टोपलीत घालून डोक्यावरून नेला होता. स्वयंपाकघर स्वच्छ, फरशी नुकतीच धुतलेली. मी नेहमीप्रमाणे पाट मागितला. तिने तो पायाने माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "बाय, तू लय बुटकी गो." मी हसले. तीही हसली. अननसाचा कॉबलर केला. चंद्राबाईचा हात एवढा सफाईचा की फोडी सगळ्या एकसारख्या पडल्या. तो वास वाडीत गेला आणि मासळी वाळत घालणार्‍या बायका हात पुसत आत आल्या. त्या दिवसासारखा डेमो माझा कधी झाला नाही. निघताना मी तिला नेहमीचं सांगितलं, ओल्या हाताने लावू नका. पाटाचं काही सांगितलं नाही. आणि त्या उंच बाईला पाटाची गरज तरी काय होती?

दोन महिने ती दर शनिवारी कॉबलर करत होती. पाहुणे मागून घ्यायचे. एकदा दुकानाच्या फोनवर तिने मला बोलावून घेतलं आणि जांभळाचा होतो का विचारलं.

मग एका रविवारी दुपारी, पाहुणे बाहेर पानावर बसलेले असताना, तिने सुरमई कापून हात धुतले, पदराला पुसले आणि झाकण उचललं. हात झाकणाला चिकटला. करंटने मूठ आवळली जाते, मग माणसाला सोडवत नाही. बाहेरच्या एका पाहुण्याने ओरडणं ऐकून मेन स्विच खाली ओढला म्हणून ती वाचली. उजवा तळवा खोल भाजला होता. मधली दोन बोटं वाकली ती पुन्हा सरळ झाली नाहीत. कोयता धरायचा तोच हात.

हे मला कळलं ते साहेबांकडून. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला. टेबलावर नवा मिक्सर खोक्यात बांधून ठेवला होता आणि वर एक टाइप केलेला कागद.

"तुमचा तिचा घरोबा आहे, गुप्ते बाई. तुम्हीच जाऊन या. एवढी सही घ्या आणि हा मिक्सर आपल्याकडून भेट."

कागदावर लिहिलं होतं, की ग्राहकाने सूचना न पाळता ओल्या हाताने उपकरण वापरल्यामुळे अपघात झाला, विक्रेत्याविरुद्ध तक्रार नाही.

मी गेले. हेही लिहायला हवं. खोकं घेऊन, कागद घेऊन गेले. होडीत बसेपर्यंत मी स्वतःला सांगत होते, की आधी भेटू, मग बघू.

चंद्राबाई ओटीवर बसली होती. हाताला कोपरापर्यंत पट्टी. तिने मिक्सरकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही.

"माना एकच सांग," ती म्हणाली. "त्या दिवशी तू पाटावर कनाला उभी र्‍हायलेलीस?"

बुटकी आहे म्हणून, असं उत्तर तयार होतं. आठ महिने तेच देत आले होते. ते तोंडातून आलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. वाकोल्याच्या मुंग्या, तिसरी वायर, मिस्त्री, साहेब, स्लीपर, सगळं. माझं झाल्यावर ती म्हणाली, "तुना ठावं व्हता."

"हो."

"आन् तू माना पाट नाय दिलास."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको. माना तुझं रडनं बघायचं नाय. ती पेटी उचल आन् जा." मी खोकं उचललं. दारातून मागे वळून मी म्हटलं, दुकानात दसर्‍याआधीच्या शनिवारी सगळ्यात जास्त गर्दी असते. का म्हटलं ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. तिला कळलं.

त्या शनिवारी चंद्राबाई आली. बरोबर वाडीतल्या तीन बायका, एकीच्या डोक्यावर टोपलीत तो ओव्हन. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब काउंटरपुढे उभे, गळ्यात सोन्याची साखळी, सगळ्यांना नमस्कार करत. चंद्राबाईने ओव्हन काउंटरवर ठेवायला लावला, डाव्या हाताने वायर घेऊन टेस्टिंगच्या बोर्डात घातली आणि बटण दाबलं. गिर्‍हाइकांना वाटलं डेमो आहे. दोन-तीन बायका पुढे सरकल्या. तिने आडव्या हाताने त्यांना मागे केलं.

मग तिने काउंटरवरचा पाण्याचा जग उचलला आणि साहेबांच्या पायाशी फरशीवर ओतला.

"शेट, पायातला काढ," ती म्हणाली. "आन् झाकन उचल."

साहेब हसले. "बाई, तुमच्या हाताचं ऐकून फार वाईट वाटलं. आत केबिनमध्ये बसून बोलू या."

"माझा हात काय केबिनीत भाजला?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "गुप्ते बाई, सांगा ना त्यांना. आपल्या मालात काही दोष नाही."

एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती. मी म्हणाले, "साहेब, दोष नसेल तर उचला झाकण. थोडं झिणझिणतं एवढंच, तुम्हीच म्हणालात."

मागून सावंत मिस्त्रींनी बिडी विझवल्याचा आवाज आला. साहेबांनी बूट काढले नाहीत. हात पुढे केला नाही. वाकून त्यांनी बोर्डाचं बटण बंद केलं आणि कुणाला तरी थंडा आणायला सांगितलं. त्या एका वाकण्याने सगळ्यांना सगळं कळलं. एक बाई हातातला बांधलेला ओव्हन काउंटरवर ठेवून निघून गेली. मग दुसरी. चंद्राबाईने आपला ओव्हन तिथेच सोडला. जाताना माझ्याजवळ थांबली नाही. मी तशी अपेक्षाही केली नव्हती.

वाचणार्‍याला वाटेल इथे न्याय झाला. काही झाला नाही. सोमवारी साहेबांनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, त्याच गोड आवाजात. जे ओव्हन परत घेऊन आले त्यांना दुसरे दिले. उरलेल्या मालावरचे स्टिकर काढले आणि तो दुसर्‍या कुठल्या तरी गावच्या दुकानांना गेला. मी एका सरकारी कचेरीत अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. चंद्राबाईच्या हाताची कुणी साधी चौकशी केली नाही. ती पुढे डाव्या हाताने मासळी कापायला शिकली. मला हे तिच्या वाडीतल्या बाईकडून कळलं, बाजारात.

जाताना साहेबांनी माझी डेमोची वही मागितली होती. मी म्हटलं, हरवली. हरवली नव्हती. त्या आठ महिन्यांतली सदतीस नावं आणि पत्ते तिच्यात होते. मी एकेका घरी जायला लागले. दुपारी स्वयंपाक आटोपून निघायचे. ज्या दारांत पूर्वी "आल्या, आल्या" व्हायचं तिथे आता मी पिशवीशिवाय उभी राहायचे आणि सांगायचे, की मी विकलेला ओव्हन लावू नका, आत वायर जोडलेली नाही. मुलुंडला एक बाई म्हणाली, "तेव्हा नव्हतं का कळत तुम्हाला?" मी म्हटलं, कळत होतं. तिने दार लावून घेतलं. अंधेरीला एका गृहस्थांनी मला दुसर्‍या दुकानाची एजंट ठरवलं. बर्‍याच जणींनी मात्र ऐकलं. काहींनी वायरमन बोलावून तिसरी वायर जोडून घेतली. काही जणी घर बदलून गेल्या होत्या, त्या मला सापडल्या नाहीत, आणि त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

घाटकोपरची एक बाई होती, बँकेत नोकरी करणारी. हुशार, नीटनेटकी. पाहुणे आले की सफरचंदाचा कॉबलर करते म्हणाली, सगळ्यांना आवडतो. मी आत जाऊन बघितलं, तर ओव्हनजवळ एक लाटणं ठेवलं होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

ती थोडी लाजली. "झाकण मी लाटण्यानेच उचलते. हाताला काहीतरी होतं."

"किती दिवस?"

"झालं असेल वर्ष."

"मग दुकानात का नाही सांगितलंत?"

ती म्हणाली, "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

मी तिच्याकडे सुरी मागितली. पिन भिंतीतून बाहेर आहे ना, दोनदा बघितलं. मग ओव्हनची वायर ओट्यावर धरली आणि मुळापासून कापून टाकली. ती बाजूला उभी राहून बघत होती, तिने मला अडवलं नाही.